कावळ्याला शॉक का लागत नाही?



बरेच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. मध्यंतरी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यामुळे कॉम्प्युटरपासून लांबच होतो. आता डॉक्टरांनी परवानगी दिलीय, आणि मनात एक विषय घोळतो आहे. तो विषय म्हणजे एका प्रश्नाचं उत्तर. उशीर झालाय, पण किती, ते ऐकलंत तर हसाल. चाळीस वर्षांहून जास्त!

झालं असं, की मागच्या महिन्यात नातवाला घेऊन अंबरनाथ स्टेशनवर उभा होतो. बदलापूरला धाकट्या बहिणीकडे जायचं होतं. गाडी नेहमीप्रमाणे उशिरा. चिरंजीव इकडेतिकडे बघत होते. कवटीचं चित्र असलेली पाटी त्याने वाचली, ‘२५००० व्होल्ट’. मग मान वर करून तारांकडे पाहिलं. पलीकडच्या तारेवर एक कावळा आरामात चोच घासत बसला होता.

“आजोबा, त्याला शॉक का नाही लागत?”

मी गप्प झालो. उत्तर येत नव्हतं म्हणून नाही. हाच प्रश्न मला आधी एकदा विचारला गेला होता, आणि तेव्हा मी चुकीचं उत्तर दिलं होतं म्हणून.

साल साधारण १९८०. मी बी.ए. मराठीवाला. शाळेत मराठी आणि इतिहास शिकवायचो. पण विज्ञानाचे सर रजेवर गेले की सातवीचा बदली तास माझ्या गळ्यात पडे. मीही धडा वाचून दाखवून वेळ मारून न्यायचो. त्या दिवशी विजेचा धडा होता. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, “सर, लोकलच्या तारेवर कावळे बसतात ते मरत का नाहीत?” आता ‘माहीत नाही’ म्हणणं त्या वयात जड जातं हो! मी ठोकून दिलं, “अरे, पक्ष्यांचे पाय कोरडे असतात, खवल्याखवल्यांचे. त्यातून वीज जात नाही.” मुलगा खाली बसला. घंटा झाली. मी विसरून गेलो.

तो विसरला नव्हता. ते शेवटी सांगतो. आधी खरं उत्तर. पण मी पडलो इतिहासाचा माणूस. मला कुठलंही उत्तर सनावळीशिवाय देता येत नाही, तेव्हा जरा लांबून सुरुवात करतो. सांभाळून घ्या.

आपण समजतो की वीज ही यंत्रांची गोष्ट, म्हणजे पॉवर हाउस, खांब, मीटर, बिल. प्रत्यक्षात माणसाला विजेचा झटका पहिल्यांदा कळला तो माशांकडून. नाईल नदीत झटका देणारा एक मासा असतो, तो प्राचीन इजिप्तच्या लोकांना ठाऊक होता. भूमध्य समुद्रात टॉर्पेडो नावाचा पाकट जातीचा मासा मिळतो. पहिल्या शतकातला स्क्रिबोनियस लार्गस हा रोमन वैद्य संधिवाताच्या रोग्याला ओल्या किनाऱ्यावर जिवंत टॉर्पेडोवर पाय ठेवून उभं राहायला सांगे. पाय बधिर झाला की उपचार संपला! आपल्या अरबी समुद्रातही झटका देणारे पाकट आहेत.

पण हा झटका म्हणजे नक्की काय, ते कुणाला कळत नव्हतं. १७७२ मध्ये जॉन वॉल्श नावाच्या इंग्रज गृहस्थाने फ्रान्सच्या किनाऱ्यावर टॉर्पेडोवर प्रयोग केले आणि ही वीजच आहे असं म्हटलं. लोकांचा विश्वास बसेना. घर्षणयंत्रातून निघते ती वीज ठिणगी पाडते, कडकडते. हा मासा ना ठिणगी पाडतो ना आवाज करतो, मग ती वीज कशी? तेव्हा हेन्री कॅव्हेंडिश या अबोल शास्त्रज्ञाने १७७६ च्या सुमारास लाकूड आणि कातडं वापरून चक्क एक खोटा मासा बनवला, त्यात वीज सोडली आणि खाऱ्या पाण्यात ठेवून लोकांना हात लावायला लावला. झटका अगदी खऱ्यासारखा! त्याचं म्हणणं असं, की विजेत दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजायला हव्यात. एक तिचा जोर आणि दुसरी तिची रक्कम. ठिणगी पाडायला जोर लागतो. माशाकडे जोर कमी आहे, पण रक्कम भरपूर आहे.

मंडळी, हे वाक्य लक्षात ठेवा. माझं चुकलेलं उत्तर इथेच दडलेलं आहे.

त्यानंतर आला बेडूक. इटलीतल्या बोलोन्या गावी लुइजी गॅल्वानी नावाचे शरीरशास्त्राचे प्राध्यापक होते. कापलेल्या बेडकाच्या नसेला चाकूचं टोक लागलेलं असताना जवळच्या यंत्रातून ठिणगी उडाली, तर मेलेला पाय झटकन उडतो, हे त्यांना दिसलं. पुढे असंही दिसलं, की यंत्र नसतानाही पितळी आकडीला अडकवलेले पाय लोखंडी कठड्याला टेकले की उडतात. १७९१ मध्ये त्यांनी लिहिलं, की प्राण्याच्या शरीरातच वीज असते. आमच्या मुलीने बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतलं होतं. बेडकाचा स्नायू आणि त्याला दिलेला विजेचा झटका हा प्रयोग तिच्या कॉलेजात होता, आणि त्या दिवशी ती घरी येऊन जेवली नव्हती. आता आपल्याकडे कॉलेजांतलं बेडूक कापणं बंद झालं आहे, ते बरंच झालं म्हणायचं.

गॅल्वानींचं म्हणणं पाविया विद्यापीठातल्या आलेस्सांद्रो व्होल्टा यांना पटलं नाही. ते म्हणाले, वीज बेडकात नाही, ती दोन वेगळ्या धातूंच्या जोडीत आहे, बेडूक बिचारा नुसता ओला दोरा! वाद चांगला रंगला. आपलं म्हणणं सिद्ध करायला व्होल्टांनी चांदीची चकती, जस्ताची चकती, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा, पुन्हा चांदी, पुन्हा जस्त, अशी उतरंड रचली. वरच्या आणि खालच्या चकतीला एकाच वेळी हात लावला की झटका! १८०० सालच्या मार्च महिन्यात त्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून हे कळवलं. ही जगातली पहिली बॅटरी. तुमच्या टीव्हीच्या रिमोटमधले सेल तिचेच वंशज.

आता गंमत ऐका. व्होल्टांनी या उतरंडीला नाव काय सुचवलं? ‘कृत्रिम विद्युत अवयव’! कारण टॉर्पेडो माशाच्या अंगात अशाच चकत्यांची चळत असते, आणि त्यांनी आपल्या यंत्राची तुलना त्या चळतीशीच केली होती. प्राण्यात वीज नाही म्हणून भांडणारा माणूस शेवटी पोचला तो माशाच्याच नमुन्याशी. १८८१ मध्ये पॅरिसला विद्युततज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि विजेच्या जोराच्या एककाला व्होल्टांच्या नावावरून ‘व्होल्ट’ म्हणायचं ठरलं. म्हणजे अंबरनाथच्या फलाटावरच्या त्या पाटीवर जो शब्द आहे, त्याच्या मुळाशी एक मासा आणि एक बेडूक आहेत.

आता ही वीज आपल्या भागात कशी आली ते बघू. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही तिन्ही गावं मध्य रेल्वेच्या एकाच फाट्यावर, कल्याणहून पुण्याकडे जाणाऱ्या रुळांवर मण्यांसारखी ओवलेली आहेत. हा रूळ आधी वाफेचा होता. वाफेच्या इंजिनांना पाणी लागे, म्हणून अंबरनाथजवळ काकोळे गावाशी रेल्वेने बांध घातला. अजूनही जुनी माणसं त्याला ‘जीआयपी टँक’ म्हणतात. जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला, तेव्हाची रेल्वे कंपनी.

हिंदुस्थानातली पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला धावली. गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झालं. तारेतला दाब होता १५०० व्होल्ट, डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज. पुढच्या पाचेक वर्षांत तारा कल्याण ओलांडून एकीकडे पुण्यापर्यंत आणि दुसरीकडे इगतपुरीपर्यंत पोचल्या. रेल्वेने ठाकुर्लीजवळ चोळा इथे स्वतःचं कोळशाचं वीजघर उभं केलं. ऐंशीच्या दशकात ते बंद पडलं. तिकडे घाटात टाटांनी पावसाचं पाणी अडवून खोपोली (१९१५), भिवपुरी (१९२२) आणि भिरा (१९२७) इथे वीज करायला सुरुवात केलेली होती. १ जून १९३० ला दख्खनची राणी सुरू झाली, तीही विजेवरच. आमच्या अंबरनाथला त्याच दशकात, १९२०-३० च्या दरम्यान, विम्कोचा काड्यापेट्यांचा कारखाना आला होता. म्हणजे एकाच गावात फलाटावरून विजेची तार जाते आहे आणि शेजारी घराघरांतले कंदील पेटवायला काड्या तयार होताहेत!

घाटासाठी स्वित्झर्लंडच्या बनावटीची जी विजेची इंजिनं आणली, त्यांना आपल्या लोकांनी नाव ठेवलं ‘खेकडा’. चालायची तशीच आणि आवाजही विचित्र. या खेकड्यांचा एक गुण मला फार आवडतो. घाट उतरताना ब्रेक लावला की त्यांची मोटर उलटी डायनॅमोसारखी काम करी आणि वीज परत तारेत जाई. उतरणाऱ्या गाडीचा भार चढणाऱ्या गाडीला हातभार लावी. आजच्या नव्या लोकलही ब्रेक लावताना वीज परत देतात. ऊर्जा नाहीशी होत नाही, ती नुसती घर बदलते, हे मी पुस्तकातून वाचून दाखवलं होतं. समजलं मात्र खेकड्यांमुळे.

मग १५०० चे २५००० कशाला केले? इथे पुन्हा कॅव्हेंडिशचा खोटा मासा. विजेचा जोर म्हणजे व्होल्ट (शाळेच्या पुस्तकात याला विभवांतर म्हणतात). रक्कम म्हणजे अँपिअर, किती वीज वाहते आहे ते. दोन्हींचा गुणाकार म्हणजे वॅट, कामाचा वेग. टाटांच्या धरणाचं उदाहरण घ्या. पाणी किती उंचीवरून पडतं ते व्होल्ट, नळातून किती पाणी येतं ते अँपिअर. थोडं पाणी खूप उंचीवरून सोडा किंवा खूप पाणी थोड्या उंचीवरून सोडा, चाक सारखंच फिरेल.

समजा एका लोकलला तीस लाख वॅट हवेत. १५०० व्होल्टच्या तारेतून ते घ्यायचे तर २००० अँपिअर लागतील. २५००० व्होल्टला फक्त १२०. आणि तारेत उष्णता होऊन जी वीज फुकट जाते ती अँपिअरच्या वर्गावर अवलंबून असते, म्हणजे तेवढ्याच तारेत पावणेतीनशे पट फरक! शिवाय डीसीला दर काही किलोमीटरवर सबस्टेशन लागतं, एसीला तितकी लागत नाहीत. म्हणून रेल्वेने टप्प्याटप्प्याने बदल केला. मध्य रेल्वेवरचा शेवटचा डीसीचा तुकडा, कुर्ला ते सीएसटीचा हार्बरचा, एप्रिल २०१६ मध्ये बदलला. जिथे विजेची गाडी पहिल्यांदा धावली, तिथेच जुनी वीज सगळ्यात शेवटी विझली.

मासेही हाच हिशेब करतात बरं का! समुद्राच्या खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते, तिथे जोर कमी आणि रक्कम जास्त लागते. म्हणून टॉर्पेडोच्या चकत्यांच्या अनेक चळती शेजारी शेजारी असतात. दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांमधला विजेचा ‘ईल’ गोड्या पाण्यात राहतो. गोड्या पाण्यातून वीज मुश्किलीने जाते, तिथे जोर हवा. म्हणून त्याच्या हजारो पेशी एकापुढे एक रांगेत लावलेल्या असतात. एकेका पेशीचा दाब जेमतेम एक-दशांश व्होल्ट, पण सगळ्या एकदम सुटल्या की शेकडो व्होल्ट. २०१९ मध्ये या ईलच्या एका जातीची नव्याने ओळख पटली, तिचा झटका ८६० व्होल्टपर्यंत मोजला गेला. शास्त्रज्ञांनी तिला नाव कुणाचं दिलं असेल? व्होल्टांचं! माशापासून निघालेली गोष्ट दोनशे वर्षांनी माशाकडे परत आली.

आणि आपण? आपल्याही प्रत्येक पेशीच्या आतबाहेर दाबाचा फरक असतो. नसांच्या पेशीत तो सुमारे सत्तर हजारांश व्होल्ट, म्हणजे टॉर्चच्या सेलच्या विसाव्या हिश्श्याएवढा. पण त्यावरच आपण बोट हलवतो, ‘आई गं’ म्हणतो आणि कविता पाठ करतो. गॅल्वानी बरोबर होते. व्होल्टाही बरोबर होते. दोघंही दुसऱ्याला चूक म्हणण्यात चुकले.

हृदयाची वीज तर छातीवरच्या कातडीवरही मोजता येते, जेमतेम एक हजारांश व्होल्ट. हॉलंडच्या विलेम आइन्टहोवन यांनी ती नीट मोजण्याचं यंत्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बनवलं. तेव्हा रोग्याला हात आणि पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यात बुडवून बसावं लागे. १९२४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं, आणि पुढच्याच वर्षी आपल्याकडे विजेची गाडी सुरू झाली. मोतीबिंदूच्या आधी माझाही ईसीजी काढला. ती नागमोडी रेघ बघून वाटलं, ही माझ्या घरची लाइन. गेली सत्तर-पंचाहत्तर वर्षं लोडशेडिंग न करता चालू आहे!

ऊर्जेचा हिशेबही सांगतो, कारण बिल बघून सगळेच ओरडतात. एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास. माणूस दिवसाला साधारण २००० किलोकॅलरी खातो. ते युनिटमध्ये मांडलं तर सव्वादोन-अडीच युनिट होतात. चोवीस तासांवर वाटा, शंभर वॅटच्या आत-बाहेर येतं. म्हणजे आपण प्रत्येक जण जुन्या पिवळ्या शंभराच्या दिव्याइतके. त्यातले वीसेक वॅट एकटा मेंदू खातो. आणि मोबाइलची भरलेली बॅटरी? साधारण वीस वॅट-तास, युनिटचा पन्नासावा भाग. नातवाला म्हटलं, तुझ्या मोबाइलपेक्षा तुझ्या जेवणाचं बिल जास्त आहे, तेव्हा ताट पुसून खा.

आता कावळा.

वीज वाहायला दोन टोकं लागतात, आणि त्या दोन टोकांमध्ये दाबाचा फरक लागतो. व्होल्टांच्या उतरंडीची नुसती वरची चकती धरली तर काही होत नाही. वरची आणि खालची एकदम धरली की झटका. कावळ्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर, चार-पाच सेंटिमीटर अंतरावर. तार जाड तांब्याची. तेवढ्या अंतरात दाबाचा फरक पडतो तो हजारांश व्होल्टच्या घरातला. म्हणजे कावळा पंचवीस हजारांवर बसलाय खरा, पण त्याच्या वाट्याला येतो तो जवळपास माझ्या ईसीजीएवढा. पाय कोरडे असण्याशी, खवल्यांशी संबंध नाही! कावळा भिजला तरी तारेवर बसतो, हे तर मी रोज खिडकीतून बघत होतो. बघत होतो आणि विचार करत नव्हतो.

त्याच कावळ्याने एक पंख तारेला आणि दुसरा खांबाच्या लोखंडाला लावला तर तो मेलाच. मोठी वटवाघळं अशीच मरतात. पंख मोठे, एका तारेवर लटकताना दुसरी लागते. गाय-म्हैस पावसाळ्यात खांबाजवळच्या ओल्या जमिनीवर मरते, तीही याच नियमाने. वीज जमिनीत उतरत असेल तर खांबाजवळ दाब जास्त आणि लांब कमी. जनावराचे पुढचे आणि मागचे पाय लांब लांब, त्यामुळे दोन्हींमधला फरक मोठा, आणि वाटेत हृदय. २०१६ मध्ये केनियात एक माकड वीजकेंद्रातल्या ट्रान्सफॉर्मरवर पडलं आणि सगळ्या देशाची वीज गेली. माकड मात्र वाचलं! पण असं नशीब सगळ्यांचं नसतं.

माणसाचं काय? ओल्या अंगाचा विजेला विरोध हजार ओहमपर्यंत उतरतो. घरातल्या २३० व्होल्टला तेवढ्यातून सुमारे पाव अँपिअर वाहील. एक-शंभरांश अँपिअरच्या पुढे गेलं की स्नायू आखडतात आणि हात सुटत नाही. एक-दशांशच्या आसपास हृदयाची लय बिघडते. आपल्या घरातला नऊ वॅटचा एलईडी दिवा केवढा करंट घेतो? एक अँपिअरचा पंचविसावा भाग. हात अडकवून जीव घ्यायला तेवढा पुरतो. म्हणून बादलीत हीटरचा रॉड चालू असताना बोट बुडवून ‘तापलं का’ बघायचं नाही. आधी बटण बंद, मग पिन बाहेर, मग बोट. म्हणून तीन पिनांतली लांब पिन तोडायची नाही, ती अर्थिंगची, आधी लागते आणि शेवटी सुटते. म्हणून तीस मिलिअँपिअरला पडणारा ब्रेकर घरात बसवायचा. उल्हास नदीचं पाणी बदलापुरात शिरलं, त्या जुलै २००५ च्या पुरात आमच्या मेव्हण्यांनी सामान वर चढवायच्या आधी मेन स्विच पाडला होता. बहीण तेव्हा चिडली होती, आता तीच सगळ्यांना सांगते.

आणि लोकलच्या टपावर चढणारी पोरं! पंधराशे व्होल्टही मारकच होते. पण पंचवीस हजारांना हात लावायचीसुद्धा गरज नसते. जवळ गेलं की वीज हवेतून उडी घेते. दोन मीटरच्या आत जायचं नाही, हा नियम आहे.

आता तो मुलगा.

मी निवृत्त झालो त्या वर्षी तो भेटायला आला. पेढे घेऊन आला होता. आयटीआय करून वायरमन झाला होता, उल्हासनगरात स्वतःचं मोटर वाइंडिंगचं दुकान टाकलं होतं. नमस्काराला वाकला तेव्हा दिसलं, उजव्या हाताची दोन बोटं नव्हती. मी विचारलं. म्हणाला, “जुनी गोष्ट आहे सर. खांबावर होतो. लाइन बंद आहे असं सांगितलं होतं, चालू होती. उजवा हात तारेला, डावा हात लोखंडाच्या आडव्या पट्टीवर.”

मी म्हटलं, “अरे, हातमोजे?”

तो हसला. “नव्हते सर. पण चप्पल रबराची होती. पाय कोरडे होते. वाटलं, काय होतंय.”

त्याने ते मला बोल लावण्यासाठी म्हटलं नाही, याची मला खात्री आहे. सातवीतलं माझं उत्तर त्याला आठवत होतं की नाही, तेही मी विचारलं नाही. विचारायचा धीर झाला नाही. आयटीआयमध्ये त्याला खरं कारण शिकवलंच असणार. पण ‘कोरडे पाय’ हे दोन शब्द ऐकल्यावर माझ्या पोटात खड्डा पडला. लहानपणी मनात रुजलेलं नंतरच्या पुस्तकांनी सहसा निघत नाही, हे मास्तरकी केलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. वीज पायातून जाणारच नव्हती. ती एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हातात जाणार होती. चपलेचा काय उपयोग? गाय मेली ती चार पायांवर, कावळा जगला तो दोन पायांवर, आणि प्रश्न कोरडेपणाचा नव्हताच. प्रश्न होता दोन टोकांचा.

त्यानंतर मी हे सगळं वाचायला लागलो. नातवाची पुस्तकं, ग्रंथालयातली पुस्तकं, पुढे इंटरनेट. उत्तराला अडीच पानं लागली. तेव्हा एकच वाक्य पुरलं असतं, ‘मला माहीत नाही रे, उद्या विचारून सांगतो.’ विज्ञानाचे सर दुसऱ्या दिवशी हजर होणारच होते.

स्टेशनवर नातवाला कावळ्याचं उत्तर दिलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग कावळ्याला स्वतःला माहीत असतं का, की दुसऱ्या तारेला हात लावायचा नाही?”

मी म्हटलं, “मला माहीत नाही रे. विचारून सांगतो.”

तेवढ्यात गाडी आली. डोक्यावरच्या तारेत झर्रकन ठिणगी उडाली आणि कावळा उडून गेला.

हा लेख मी छापून घेतला आहे. या रविवारी उल्हासनगरला जाऊन त्याच्या दुकानात नेऊन देणार आहे. पेढे या वेळी मी न्यायचे.

तुमच्यापैकी शिक्षक असतील त्यांनी आणि इलेक्ट्रिकची कामं करणाऱ्यांनी खाली जरूर लिहा. हिशेबात कुठे चुकलो असेन तर कान धरा. आता मला राग येत नाही.